शनीचा दिवस केवढा?

ग्रहाचा दिवस मोजायचा तर त्याच्या अंगावरची एखादी खूण धरायची आणि ती पुन्हा समोर कधी येते ते पाहायचं. १६५९ मध्ये हायगेन्सनं मंगळावरचा एक काळा डाग असाच हेरला आणि तिथली फेरी सुमारे २४ तासांची ठरवली.

शनीपाशी मात्र ही युक्ती चालत नाही. तिथं पाय टेकायला जमीनच नाही. दिसतात ते ढग, आणि विषुववृत्तावरचे ढग इतर ढगांपेक्षा लवकर फेरी पुरी करतात. मग खूण धरायची कशाची?

१९८०-८१ मध्ये व्हॉयेजर यानांनी शनीकडून येणाऱ्या रेडिओलहरींची नाडी तपासली. उत्तर आलं १० तास ३९ मिनिटं. पुस्तकांतून आपण वर्षानुवर्षं हेच वाचलं. पण २००४ मध्ये पोचलेल्या कॅसिनी यानाला तीच नाडी जवळजवळ सहा मिनिटं मंद लागली! एवढा अवाढव्य ग्रह पाव शतकात इतका मंदावणं शक्य नव्हतं. म्हणजे घड्याळच भरवशाचं नव्हतं.

अखेर उत्तर सापडलं कड्यांत. शनीच्या पोटातल्या कंपनांमुळे कड्यांत तरंग उठतात. कॅसिनीनं टिपलेल्या त्या तरंगांवरून २०१९ मध्ये हिशेब लागला : १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद. खुद्द कॅसिनी तोवर शनीच्या वातावरणात जळून वर्ष उलटलं होतं.

मला यात मोल वाटतं ते त्या सहा मिनिटांचं. पुस्तकात छापलेला आकडाही कुणीतरी पुन्हा मोजून पाहिला, म्हणून शनीचा खरा दिवस हाती आला.