खर्जाचे मानकरी

आपल्या नरसीच्या भजनात पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात. त्या घुमणाऱ्या नादावर सारे भजन उभे असते. बास गिटारचे काम तेच. मोटार-कामगारांच्या डेट्रॉइट शहरात जेम्स जेमर्सन केवळ तर्जनीने तारा छेडीत. तरी त्यांचा खर्ज ताल न सोडता स्वतःचे वेगळे गाणे गाई. मोटाऊनच्या तबकड्या जगभर खपल्या; वादकांची नावे मात्र त्यांवर नसत. जेमर्सन यांचे नाव छापले गेले १९७१ साली, मार्विन गे यांच्या तबकडीवर. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचा बास घरोघर पोचला. नाव किती जणांस ठाऊक? आम्ही संघटनेची माणसे एवढेच मागतो : ज्याच्या बोटांवर गाणे उभे, त्याला नाव मिळावे आणि दामही.