छावणीत सिगारेट कोणी विकावी?



पहिल्या महायुद्धातली गोष्ट. १९१४ च्या नाताळासाठी ब्रिटनची राजकन्या मेरी हिच्या नावानं एक निधी उभारला गेला आणि त्यातून सैनिकांना पितळेची एक चपटी डबी भेट म्हणून दिली गेली. हातात सहज मावेल एवढी. झाकणावर राजकन्येचा चेहरा आणि आत पाइपची तंबाखू, सिगारेटी, नाताळचं कार्ड. जो ओढत नसेल त्याला तंबाखूऐवजी आंबट गोळ्या आणि पेन्सिल-कागद. हिंदी पलटणींचा हिशेब वेगळा ठेवला होता. शिखांच्या डबीत खडीसाखर आणि मसाले, कारण त्यांच्या धर्मात तंबाखू वर्ज्य. गुरख्यांना गोऱ्या शिपायांसारखीच डबी. बाकीच्या हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही यादी करणाऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती: सैनिकाला तंबाखू देणं हा सरकारी शिष्टाचार आहे.

तेव्हा हिंदी सैन्याची पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरली होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस याच फौजेला तुर्कांनी कूट-अल-अमाराला वेढलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य आटलं, तशी तंबाखूही संपली. मग माणसं वाळलेली पानं आणि चहाचा चोथा ओढू लागली. पोटात अन्न नाही आणि तरी धूर हवाच! म्हणजे ज्या फौजेनं सवय लावली, तिनं दाणागोट्याच्या जोडीला आणखी एक रसद आपल्या गळ्यात बांधून घेतली होती.

सैनिकाला सरकारी तंबाखू पुरवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं ते अमेरिकेनं. १९१८ मध्ये तिथल्या सैनिकाच्या रोजच्या शिध्यात तंबाखूचा समावेश झाला. दुसऱ्या महायुद्धात जेवणाच्या डब्यातच चार सिगारेटींचं इवलंसं पाकीट असे. शिध्यातली ही सिगारेट थेट १९७५ मध्ये बंद झाली. फुकटची सिगारेट गेली, पण स्वस्त सिगारेट राहिली. अमेरिकी लष्करी तळांवर सैनिकांसाठी खास दुकानं असतात, आपल्याकडच्या मिलिटरी कॅन्टीनसारखी. राज्यांचा कर तिथे लागत नाही. बाहेरच्या भावापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक स्वस्त विकू नये असा नियम होता, पण एका पाहणीत तिथली सिगारेट बाहेरच्या मोठ्या दुकानापेक्षा सरासरी पाव किमतीनं स्वस्त निघाली. या दुकानांच्या नफ्यातला वाटा सैनिकांच्या व्यायामशाळा, खेळ आणि करमणुकीच्या सोयींकडे जातो. सिगारेटच्या पैशातून डंबेल्स! दुसरीकडे, तंबाखूमुळे होणारे उपचार आणि बुडालेले कामाचे दिवस यांवर तिथल्या संरक्षण खात्याचे वर्षाला १६० कोटी डॉलरहून अधिक जात होते, असं त्या खात्यानंच २०१४ मध्ये सांगितलं. एका खिशात चार पैसे टाकायचे आणि दुसऱ्या खिशातून रुपये काढून द्यायचे, असा हा कारभार.

मग हे बंद का होत नाही? प्रयत्न झाले. १९९३ मध्ये 'थिओडोर रूझवेल्ट' या विमानवाहू युद्धनौकेच्या कप्तानानं बोटीवर धूम्रपान आणि सिगारेट-विक्री दोन्ही बंद केली. त्यावर अमेरिकी काँग्रेसनं कायदाच केला की, नौदलाच्या बोटींवरच्या दुकानांत तंबाखू विकली गेलीच पाहिजे. स्वतःच्या बोटीवर काय विकायचं हे त्या बोटीच्या कप्तानाला ठरवता येईना. तंबाखू कंपन्यांचा दबाव त्यामागे किती होता, हे पुढे खटल्यांमधून उघड झालेल्या त्यांच्या कागदपत्रांवरून दिसलं. २०१४ मध्ये नौदलमंत्री रे मेबस यांनी तळांवर आणि बोटींवर ही विक्री थांबवण्याचा विचार मांडला. संरक्षणमंत्री चक हेगल यांनी फेरविचाराला पाठिंबा दिला. पण पूर्वी मरीन दलात असलेले खासदार डंकन हंटर यांनी दुरुस्ती आणली आणि प्रतिनिधीगृहाच्या संरक्षणविषयक समितीनं ती बहुमतानं मान्य केली. कायद्यानं विकता येणारी वस्तू सैनिकाला का नाकारायची, हा त्यांचा मुद्दा.

हा मुद्दा हलका नाही. ज्याला आपले केस किती वाढवायचे हेही स्वतः ठरवता येत नाही, कुठे झोपायचं, कधी उठायचं, कुठे मरायचं हे दुसरा ठरवतो, त्याच्या हातात उरलेली एक छोटीशी मर्जी आपण काढून घेणार आहोत. घरी आरामात बसून, त्याच्या जिवावर निश्चिंत असलेल्या माणसानं त्याला आरोग्याचे धडे द्यावेत, हे शोभतं का?

मी यावर विचार केला आणि मला असं दिसलं की, इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. सैनिकानं ओढावी की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. त्याला ती कोणी विकावी, हा सरकारचा आहे. छावणीतलं दुकान बंद केलं म्हणून फाटकाबाहेरची टपरी बंद होत नाही. मर्जी शाबूत राहते, फक्त सरकारचा गल्ला उठतो. आणि हे सरकार काही साधा दुकानदार नव्हे. ज्याला ते सिगारेट विकतं, त्याच्या फुप्फुसांवर सरकारनं स्वतःचा हक्क सांगितलेला असतो. भरती करताना छाती तेच मोजतं, धावायला तेच लावतं.

आणि सैनिकाचं नुकसान साध्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त असतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. मैदानात ते चालून जातं, पण सियाचीनसारख्या, मुळातच हवा विरळ असलेल्या ठिकाणी नाही. रात्रीच्या नजरेवर त्याचा परिणाम होतो आणि पहारेकऱ्याचं सगळं काम रात्रीच्या नजरेवर. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणून बोटं हिमदंशाला लवकर बळी पडतात. जखम भरायला वेळ लागतो. हे म्हातारपणीच्या कॅन्सरबद्दल नाही, येत्या हिवाळ्याबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. अमेरिकी सैन्यातल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं की, ओढणाऱ्यांपैकी मोठा वाटा वर्दी चढवल्यानंतर ओढू लागलेल्यांचा असतो. म्हणजे फौज आलेलं व्यसन नुसतं सांभाळत नाही, नवंही लावते. का लावते? कारण काम मध्येच थांबवायची मुभा सिगारेटवाल्याला सहज मिळते. दोन मिनिटं ओढून येतो, असं म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही. न ओढणाऱ्यानं 'दोन मिनिटं बसतो' म्हटलं, तर तो कामचुकार ठरतो. विश्रांतीची चिठ्ठीच सिगारेटच्या पाकिटात मिळते म्हटल्यावर पोरगा ते पाकीट घेणारच.

म्हणून दुकानाच्या आधी हे बदललं पाहिजे. विश्रांती सगळ्यांना सारखी द्या. मग स्वस्ताई काढा. अमेरिकेनं २०१६ मध्ये ठरवलं की, तळावरची तंबाखू बाहेरच्या भावानंच विकायची, कर धरून. योग्य दिशेचं पाऊल, पण अपुरं. नव्या रंगरूटांच्या प्रशिक्षण केंद्रांतून विक्री पूर्ण उठवा, कारण सवय तिथे लागते. सोडू पाहणाऱ्याला औषध आणि सल्ला छावणीच्या दवाखान्यातच मिळू द्या. महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या बोटींवरची आणि दूरच्या चौक्यांतली विक्री शेवटी उठवा, पुरेशी आगाऊ सूचना देऊन. अमेरिकी पाणबुड्यांमध्ये २०१० च्या अखेरपासून धूम्रपान बंद आहे. पाणबुड्या त्यानंतरही चालतात.

आणि हिशेबात फक्त सिगारेट धरू नका. अमेरिकेत मरीन सैनिक गालात तंबाखू धरतात, आपल्याकडे फौजी तळहातावर चुना घालून मळतो. धूर नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. आणि हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही: आपल्या मिलिटरी कॅन्टीनचा कारभार जिथून चालतो ते मुख्यालय मुंबईत आहे. साताऱ्याकडच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धाला गेलेले ४६ जण परत आले नाहीत; तशा गावांत कॅन्टीनचं सामान घरोघर येतं. त्या सामानाच्या यादीत काय असावं, हे विचारायचा हक्क त्या घरांना आहे.

सैनिकाला सिगारेट ओढायची असेल तर ओढू दे. ती आपल्या दुकानातून, आपल्या नफ्यासाठी, सवलतीत विकणं मात्र त्याच्या आरोग्याची जबाबदारी घेणाऱ्या सरकारला शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.