मागचे सोडून पुढे चालू या



मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठे बोलता येत नाही. पण एक खरी हकीकत सांगते. १९५९ साली मुंबईला गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी ४ पाकिटे झाली. पुढे पावसाळा लागला. ऊन नाही, पापड वाळेनात. ४ महिने काम बंद! दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. पावसातही पापड वाळले. तोच आजचा लिज्जत पापड.

बुडालेल्या महिन्यांचे रडगाणे त्या गात बसल्या असत्या तर? गेल्या दिवाळीला आपल्या मंडळाचा फराळ उरला, म्हणून यंदा नकोच, असे काहीजणी म्हणतात. मी म्हणते, काय चुकले ते वहीत लिहावे, आणि मनातून पुसावे. देवावर भरवसा हवा, तसाच आपल्या हातांवरही हवा. यंदा आधी मागणी नोंदवून घेऊ, मगच कढई चढवू.