रविवार फुकट आलेला नाही



आज मी थकव्याबद्दल बोलणार आहे. इथं बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. बाबासाहेबांच्या जयंतीला सलग 18 तास अभ्यासाला आपल्यातले अनेक जण बसलेले असतील. अभिवादन म्हणून तो एक दिवस चांगलाच आहे. पण तेच रोजचं वेळापत्रक झालं की शरीर साथ सोडतं आणि माणूस स्वतःला आळशी म्हणू लागतो. "आईबाप उन्हात राबले, मग मी खुर्चीत बसून थकतो कसा?" हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकलाय. माझ्याही मनात तो येतो.

अंगमेहनतीचा थकवा पोटभर जेवण आणि रात्रभराच्या झोपेनं बराचसा उतरतो. मनाचा थकवा मात्र झोपून उठलं तरी तसाच असतो. आणि आपल्या मनाला कामं फार. आडनाव विचारलं तर काय सांगायचं? माझ्या एका चुकीवरून सगळ्या समाजाची लायकी काढतील का? हे सांभाळत आठ तास बसणं हेही कामच आहे, त्याचा पगार मिळत नाही एवढंच. त्यात गावाकडचे फोन: बहिणीची फी, वडिलांचं औषध, चुलत्यांचा तहसीलमधला अर्ज.

महारकीच्या वतनात हाक आली की दिवस असो वा रात्र, निघावंच लागे. जातीनं जमीन आणि विद्या हिरावली, तशीच विश्रांतीही हिरावली. म्हणून आपल्या चळवळीनं विश्रांतीसाठीही लढा दिला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे 1890 साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या काळात, 1946 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आपण ते 18 तास लक्षात ठेवले, हे 48 तास विसरलो.

मग करायचं काय?

पहिलं, रक्त तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन बाईचं 12 च्या आणि पुरुषाचं 13 च्या खाली असेल, तर नुसत्या जिद्दीनं तो थकवा जात नाही. थायरॉइड, साखर आणि बी-12 बद्दलही डॉक्टरांना विचारा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. डाळ-भाजीवर लिंबू पिळा.

दुसरं, किमान सात तास झोपा. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.

तिसरं, घरच्या जबाबदारीला वेळ आणि रक्कम ठरवा. आपला पगार किती, त्यातून दरमहा किती पाठवता येईल, हे मोकळेपणानं सांगा. धाकट्या भावाला, बहिणीला ऑनलाइन अर्ज भरायला शिकवा. शिकलेलं माणूस घरात एकच राहिलं, तर सगळं ओझं त्याच्याच पाठीवर येतं.

चौथं, बोला. ज्यांच्यापुढे जातीचा अनुभव पुराव्यानिशी सिद्ध करावा लागत नाही, अशी दोन-चार माणसं जोडा. दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटला, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झोपेनं जातीचा जाच संपत नाही. त्यासाठी तक्रार लागते, संघटना लागते, कायदा लागतो. पण ते सगळं करायला आपण धडधाकट असायला हवं.

म्हणून येत्या रविवारी खरोखर सुट्टी घ्या. आणि त्या दिवशीही घरातली बाई स्वयंपाकघरातच राबत असेल, तर सुट्टी अर्ध्याच घराला मिळाली असं समजा. उठा, भांडी घासा, मग सगळेच आराम करा. हा रविवार लोखंड्यांनी लढून मिळवलाय, तो वाया घालवू नका.

जय जोती, जय भीम.