बेने इस्रायलांचे कीर्तन

श्रोतेहो, रेडिओ केंद्राने विषय दिला आहे: ज्यू समाजातले धर्मसेवक, वकील आणि लोकप्रतिनिधी. आपले हुबळी-धारवाड 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते, तेव्हा त्याच राज्यातल्या बेने इस्रायलांविषयी बोलतो. घरात मराठी बोलणारा हा कोकणातला समाज. किहीमचे ते किहीमकर, अष्टमीचे ते अष्टमकर.

या समाजात शिकलेले रब्बी नव्हते. लक्षात घ्या, रब्बी नव्हते. प्रार्थना म्हणायला हझान, लग्न लावायला काजी. हिब्रू म्हटले जाई, पण अर्थ किती जणांना कळणार? ती उणीव भरून काढायला जोसेफ इझिकेल राजपूरकर झटले. जन्म 1834 चा. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेत मुख्याध्यापकी करता करता त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात 1874 मध्ये वल्हांडण सणाच्या विधीचे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापले गेले. त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत.

आणि मग कीर्तन! 1880 च्या सुमारास या मंडळींनी मराठी कीर्तन उचलले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले आघाडीचे नाव. कीर्तन तुम्ही देवळात ऐकले आहे: मध्येच पद, मग कथा, पुन्हा पद. तीच रीत, फक्त आख्यान आब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. पोथी न वाचणाऱ्या आजीलाही मोशे कळला तो असा. रब्बी नव्हते म्हणालो ना, ते काम कीर्तनाने केले.

ही पुस्तके मराठीच आहेत. तरी आपण मराठी साहित्य शिकवतो तेव्हा त्यांचे नावही घेत नाही. शिक्षकांनो, हे बरे नाही. एक तास तरी द्या.

वेळ संपत आली. वकिलांमध्ये डेव्हिड एरुलकर. 1916 मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून लोकमान्यांवर खटला भरला गेला, तेव्हा जिनांबरोबर बचावाला हेही उभे होते. लोकमान्यांनी चांगल्या वर्तनाचा जामीन द्यावा, हा हुकूम हायकोर्टाने रद्द केला. लोकप्रतिनिधींमध्ये डॉ. एलिजा मोझेस, 1937 मध्ये मुंबईचे महापौर. त्यांच्यावर खरे तर वेगळे भाषण हवे. आज एवढेच सांगतो: घरात आजोबांची जुनी मराठी पुस्तके असतील, तर रद्दीत घालू नका. आधी उघडून पाहा.