अगस्ती उगवला, थंडीचं काय?



गणपती गावाला गेले की आपलं आभाळाकडे बघणं बदलतं. मे-जूनमध्ये आपण पावसाबद्दल ‘कधी येणार?’ असं विचारत असतो. आता ‘कधी जाणार?’ असं विचारू लागतो. मग एखाद्या पहाटे पायाशी पडलेली गोधडी अंगावर ओढावीशी वाटते, नदीकाठच्या उंच गवताला पांढरे तुरे दिसतात आणि पारावर बसलेलं कुणीतरी सांगून टाकतं, ‘यंदा थंडी लवकर पडणार. आणि कडक पडणार.’ हे वाक्य दरवर्षी कुणीतरी बोलतंच. ते कशाच्या बळावर बोललं जातं आणि त्यावर किती विसंबावं, याबद्दल आज थोडं बोलू या.

निसर्गाच्या खुणा मला दोन जातींच्या दिसतात. काही खुणा पंचांगासारख्या असतात, त्या कधी चुकत नाहीत. काही खुणा जित्याजागत्या असतात, त्या मागेपुढे होतात.

पहिल्या जातीतली सर्वांत देखणी खूण म्हणजे अगस्तीचा तारा. भाद्रपदात ढग फाटले, की पहाटे दक्षिण क्षितिजाशी तो दिसू लागतो. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा हाच. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं, असं आपले जुने लोक मानत. कालिदासानं ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात शरद ऋतूचं वर्णन करताना हेच सांगितलं आहे. आता गंमत बघा. अरबी लोक याच ताऱ्याला सुहेल म्हणतात. आमच्या घरांतून मुलाचं नाव सुहेल ठेवतात, तो हाच तारा. आखाती देशांत साधारण २४ ऑगस्टच्या सुमारास सुहेल दिसू लागतो आणि वाळवंटातला माणूस म्हणतो, आता उन्हाळ्याचा जोर ओसरणार. एकाच ताऱ्याकडे पाहून एकाला निवळलेलं पाणी आठवतं, दुसऱ्याला गार वारा.

पण सुहेल काय किंवा अगस्ती काय, तो आपल्या ठरल्या वेळीच उगवतो. पाऊस लांबला म्हणून तो थांबत नाही आणि थंडी कडक पडणार म्हणून आधी येत नाही. तो फक्त तारीख सांगतो.

तारीख सांगणाराही लागतोच म्हणा. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २००० साली तो ऐन डिसेंबरच्या थंडीत होता, २०१६ साली जूनमध्ये. या महिन्यांवर पेरणी कशी करणार? म्हणून मराठी मुलखातला मुसलमान शेतकरी रोजे हिजरी महिन्यानं धरतो आणि तिफण मृगावर काढतो. मृग, हस्त, चित्रा, स्वाती ही नावं त्याच्याही तोंडी असतात. मालदीवच्या मुसलमान कोळ्यांचंही तसंच. त्यांच्या वर्षाचे २७ भाग असतात आणि प्रत्येक भागाला ते ‘नकई’ म्हणतात. नकई म्हणजे आपलं नक्षत्रच!

याच मालदीव बेटांवर ऑक्टोबरात चतुरांचे थवेच्या थवे उतरतात. चतुर म्हणजे ते पारदर्शक पंखांचे, हेलिकॉप्टरसारखे दिसणारे कीटक. ते आले की वारा पालटला, असं बेटावरचे लोक ओळखतात. बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. मग हे येतात कुठून? चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं या येण्याजाण्याच्या अनेक वर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं, की हे चतुर परतणाऱ्या पावसामागोमाग भारतातून निघतात आणि समुद्रावरून आफ्रिकेच्या दिशेनं जातात. म्हणजे आपल्या माळावर भिरभिरणारा चतुर हा पावसाच्या परतीचा प्रवासी असू शकतो.

ही झाली जितीजागती खूण. आपल्याकडची तशीच दुसरी खूण म्हणजे धोबी पक्षी. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढ्याच्या काठी शेपटी वरखाली करत चालणारा हा लहानसा पक्षी हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो. तो दिसला की हिवाळा दारात आला, असं आपण समजतो. पण भोरड्यांचं पाहा. गुलाबी अंगाच्या या मैना मध्य आशियातून ऑगस्टमध्येच येऊ लागतात. तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस चालू असतो. त्यांची पिल्लं उडती झाली, तिकडचं खाणं सरलं, म्हणून त्या निघाल्या. आपल्या डिसेंबरात काय होणार, हे त्यांना ठाऊक नसतं.

शेवंतीचंही तेच. रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते. म्हणून काही फुलशेतकरी रात्री मळ्यात दिवे लावतात आणि तिचं फुलणं पुढे ढकलतात. जी शेवंती विजेच्या दिव्याला फसते, ती पुढच्या तीन महिन्यांचं भाकीत कसं करणार? तिकडे अमेरिकेत एका केसाळ सुरवंटाच्या अंगावरचा तपकिरी पट्टा किती रुंद आहे, त्यावरून हिवाळा सांगण्याची रीत आहे. त्या पट्ट्यातून त्या सुरवंटाचं वय आणि त्याचे मागचे दिवस कळतात, पुढचे नाहीत.

सगळ्या सजीव खुणांचं मर्म इथे आहे. जे घडून गेलं आणि जे घडतं आहे, ते त्या चोख सांगतात. पुढचं आपण त्यांच्या तोंडी घालतो.

आणि हे महागात पडू शकतं. २०१९ साली मोसमी पाऊस राजस्थानातून परतायला ९ ऑक्टोबर उजाडला. त्यानंतरही ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे अवकाळी पाऊस कोसळत राहिला आणि द्राक्षबागांची माती झाली. २०२५ साली उलटं झालं. १७ सप्टेंबर ही परतीची सर्वसाधारण तारीख. त्या वर्षी परतीला १४ सप्टेंबरलाच सुरुवात झाली. बातमी वाचून वाटावं, शरद लवकर आला. आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात मराठवाड्यात पुरानं हाहाकार उडवला. उभी पिकं गेली, मातीही वाहून गेली.

मग कडक थंडी येते तरी कशानं? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, हिमालयात बर्फ पाडतात आणि पुढे सरकतात. त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान-मध्य प्रदेशावरून खानदेशात आणि नाशकात उतरतात. रात्री आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. डिसेंबर २०१८च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली गेला, तो अशाच दिवसांत. पण बंगालच्या उपसागराकडून ढग आले, की हीच थंडी दोन दिवसांत पळते. हा खेळ काही दिवस आधी कळतो, तीन महिने आधी नाही. ‘ला निना’सारख्या गोष्टींवरून हवामानशास्त्रज्ञ फार तर मोसमाचा कल सांगतात.

शिवाय कडक थंडी सगळ्यांना सारखी नसते. गहू-हरभऱ्याला ती मानवते. केळीला ती बाधते. द्राक्षाचे मणी फुगायचे थांबतात, तडकतात. मग बागाईतदार रात्र रात्र जागून बागेत शेकोट्या पेटवतो, धूर करतो, पहाटे पाणी सोडतो. छाटणी लवकर घ्यावी तर पाऊस गाठतो, उशिरा घ्यावी तर थंडी. पारावरचं ते वाक्य आपल्याला गप्पांचा विषय असतो. त्याच्या मात्र सबंध वर्षाची कमाई त्यावर टांगलेली असते. म्हणून त्याला खुणाही हव्यात आणि हवामान खात्याचा अंदाजही हवा.

तर मग खुणा बघणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. उलट, अधिक नीट बघायच्या आणि लिहून ठेवायच्या. २००७ साली बंगळुरूच्या अभ्यासकांनी ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. हिवाळी पाहुणा पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, एवढंच सामान्य माणसांनी कळवायचं. एका वर्षाची नोंद काही सांगत नाही. पण अशा नोंदी वीस-तीस वर्षं साठल्या, की ऋतू खरंच सरकताहेत का आणि किती, हे त्यांतून दिसू लागतं. आठवण मात्र दगा देते. तिला दरवर्षीची थंडी पूर्वीपेक्षा कमीच वाटते.

म्हणून, श्रोतेहो, भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक वेगळा उपयोग करा. दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच्याच शेजारी लिहा: आज पहिला धोबी दिसला. आज गवतावर पहिलं दव पडलं. आज पहाटे अगस्ती दिसला. वर्ष संपलं की ते कॅलेंडर रद्दीत टाकू नका.