कोल्ह्याचं नावच नाही
(रेडिओवरील भाषण)



सुरतेत मराठी वाचतं तरी कोण, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे मला हमखास विचारतात. मी त्यांना लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा अशी एक चक्कर मारून आणते. ताप्ती लाइनची गाडी धरून जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली ही घरं. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी. लूमच्या खात्यात पाळी बारा तासांची, त्यामुळे इथला वाचक पुस्तकाचे फार लाड करत नाही. आमच्या शेजारचे भाऊ कापड मार्केटात हिशोब लिहितात. त्यांच्या हातात पुस्तक ठेवलं की पहिला प्रश्न, "मावशी, यात कोणी मरतं का?" मरत असेल तर घेऊन जातात. नसेल तर, "राहू द्या, पुढच्या वेळी."

हा प्रश्न मला अजिबात हलका वाटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' या त्यांच्या नायकांच्या नादाने कितीतरी माणसांना वाचायची गोडी लागली. त्या पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्यांनी इतके वाचक कधी घडवले?

आताची थरारकथा मात्र चांगली जाडजूड झाली आहे. वसंत वसंत लिमये यांची 'विश्वस्त' घ्या. द्वारकेच्या खजिन्याचा शोध, म्हणजे आमच्या गुजरातचाच मामला. भाऊंनी रात्री जागून संपवली, मीही आवडीने वाचली. पण हल्लीच्या एकूण थरारकथांबद्दल माझी एक कुरकुर आहे. लेखकाने घाम गाळून केलेला अभ्यास त्याला वाया घालवायचा नसतो. मग मागे मारेकरी लागलेले असताना एक पात्र दुसऱ्याला इतिहास समजावत बसतं. आणि शेवटच्या प्रकरणात तर मास्तरांनी गणित फळ्यावर सोडवून दाखवावं तसा सगळा उलगडा. वाचकाने स्वतः काही ओळखावं, एवढाही त्याच्यावर विश्वास नाही.

याच्या अगदी उलट काम केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाने केलं आहे. त्याची २००५ सालची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी अनेकांना 'जाने जान' या २०२३ च्या हिंदी सिनेमामुळे ठाऊक असेल. खून कोणी केला, का केला, हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत उघड होतं. खुन्याच्या शेजारचा गणिताचा शिक्षक मदतीला येतो. आता लपवायला राहिलं काय, असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच आपण फसतो. खुनी उघडा ठेवूनही रहस्य टिकतं. फक्त नेमकं काय झाकायचं, हे लेखकाला कळलेलं हवं.

भाऊंना ते पटलं नाही. खुनी आधीच कळला तर पैसे कशाचे द्यायचे, असं त्यांचं म्हणणं.

खरं सांगायचं तर झाकपाक सगळ्यात जास्त चालते ती घरात. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' भीतीच्या ओढीने वाचायला घेतली आणि वाचता वाचता एका कुटुंबाच्या वळचणीला जाऊन पोचले. सुरतेला तर थरार आणि घर यांचं हे मिश्रण पहिल्यापासून ठाऊक आहे. गुजरातीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'करण घेलो' सुरतेच्याच नंदशंकर मेहता या शिक्षकाने लिहिली, १८६६ साली. राजा आपल्याच प्रधानाची बायको पळवतो आणि चिडलेला प्रधान दिल्लीहून अल्लाउद्दीन खिलजीची फौज घेऊन येतो. ही थरारकथा म्हणायची की घरगुती भांडण? दोन्ही म्हणा.

कौटुंबिक कादंबऱ्यांत मला खटकते ती पात्रांची स्पष्टवक्ती जीभ. सून सासूला मनातलं सगळं सांगते, मुलगा बापाला, तेही पूर्ण वाक्यांत. कोणाच्या घरी असं बोलतात हो? आमच्याकडे रागावलेल्या बाईची भाकरी थापण्याची पद्धत बदलते, आणि घरातल्या सगळ्यांना कळतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' मला म्हणूनच आवडते. २००६ साली आलेलं हे छोटंसं पुस्तक. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे खोली भाड्याने घेऊन राहणारा तरुण, आणि घरातला भाऊ नि बहीण दोघंही त्याच्या प्रेमात. आधी भावाची बाजू, मग बहिणीची. या तरुणाचं नाव आपल्याला कधीच कळत नाही. बहीण त्याच्याबरोबर निघून जाते आणि एकटी परत येते, तेव्हा घरचे ज्या शिताफीने विषय टाळतात ना, ती पानं वाचताना मला आपल्या ओळखीची किमान चार घरं दिसली.

घराण्याच्या गोष्टी निघाल्याच आहेत, तर भगवतीकुमार शर्मांच्या 'असूर्यलोक' या गुजराती कादंबरीबद्दलही सांगायला हवं. शर्मा सुरतेचे, 'गुजरातमित्र' या दैनिकात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. या कादंबरीला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला दृष्टिदोष आणि त्याच घरात असलेली वाचनाची ओढ. ही कादंबरी मी गुजरातीत वाचली, सावकाश. सुरतेतल्या मराठी माणसाने फरसाणापलीकडच्या गुजरातीशी जरा सलगी करावी, असं मला फार वाटतं. असो.

आता चित्रपुस्तकं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण या पुस्तकांना आपल्याकडे कोणी पुस्तक मानायलाच तयार नसतं.

पॅट हचिन्स या इंग्लंडच्या चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक' १९६८ साली निघालं. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते. अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून, पिठाच्या गिरणीशेजारून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी. एवढीच गोष्ट, अवघ्या बत्तीस शब्दांची. पण पहिल्या पानापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे, आणि त्या बत्तीस शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. तो फक्त चित्रात आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून दांडा नाकावर. पुन्हा झेप, तर थेट तळ्यात. रोझी आपली मान वर करून चालते आहे.

गल्लीतल्या पोरांना मी हे मराठीत सांगत होते. मी शांतपणे कोंबडीचं सांगायचं आणि पोरांनी ओरडायचं. कोणी "मागे बघ!", कोणी अहिराणीत "मांगे देख!", कोणी "पाछळ जो!" लिहिलेलं मी वाचत होते, पण खरी गोष्ट पोरं वाचत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, कोंबडीला माहितीये का?" झालं, दोन तट पडले. एक म्हणे, तिला काहीच माहीत नाही, ती बावळट आहे. दुसरा म्हणे, तिला सगळं माहीत आहे, मुद्दाम त्याला तिकडून नेते. पुस्तक सांगत नाही. मी दुसऱ्या तटात आहे.

शब्दांनी न सांगता चित्राने सांगणं आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांना नेमकं कळलेलं आहे. 'राधाचं घर'मधली माणसं बघा. त्यांच्या चित्रांत घरातला पसारा असतो, आणि कोण कोणाशी कसं वागतं ते त्यातूनच समजतं, उपदेश न करता. त्यांचं 'चित्रवाचन' मी एका आईला दाखवलं. ती साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी करते. चाळून म्हणाली, "बाई, यात लिहिलेलं तर काहीच नाही." तिचा मुलगा गुजराती शाळेत जातो. त्याला शिरोरेखेशिवायच्या अक्षरांची सवय, मराठी ओळ आली की अडखळतो आणि पुस्तक मिटतो. मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चित्रातलं एकेक माणूस बोटाने दाखवत आईला जे सांगायला सुरुवात केली, ते चक्क मराठीत होतं.

प्रकाशकांना एकच विनंती. चित्रपुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं 'तात्पर्य' आता काढा. आणि परदेशी चित्रांखाली ओढूनताणून जुळवलेली यमकं घालू नका. मोठ्याने वाचताना जीभ अडकते.

जाता जाता पुन्हा मोठ्यांच्या पुस्तकाकडे. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही कादंबरी सध्या माझ्या उशाशी आहे. पिढ्यांमागून पिढ्या आणि शेकडो पानं. मी अजून अर्ध्यावरच आहे, म्हणून मत राखून ठेवते. भाऊंनी मात्र तिची जाडी बघून विचारून घेतलंय, यात किती जण मरतात. शतकांची गोष्ट आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्यानंतर नंबर लावला आहे.